सणाच्या भेटी आणि कारागिराचे वेळापत्रक

सणासाठी भेटवस्तू स्थानिक बाजारातून, छोट्या दुकानदाराकडून किंवा थेट घडवणाऱ्या माणसाकडून घ्याव्यात, हे आता पुष्कळांना पटलेले आहे, त्यामुळे त्याची बाजू मी नव्याने मांडत बसत नाही. मला बोलायचे आहे ते या खरेदीच्या वेळेविषयी. छोट्या व्यवसायाकडून घेतलेली भेट कशी ठरेल, हे वस्तूच्या निवडीइतकेच आपण त्या माणसाच्या दारात केव्हा उभे राहतो यावर अवलंबून असते, आणि एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीबद्दल फार कमी बोलले जाते.

मोठ्या कारखान्यांचा माल सणाच्या कित्येक महिने आधी तयार होऊन गोदामांत पडलेला असतो. मागणी वाढली तर तिथे पाळी वाढवता येते, माणसे वाढवता येतात. एकट्याने किंवा दोघातिघांनी चालवलेल्या कार्यशाळेत तसे करता येत नाही. तिथे कामाचा वेग हातांवर ठरतो आणि त्याहूनही अधिक तो मातीवर, लाकडावर, तेलावर आणि हवेवर ठरतो. या गोष्टींना घाई करता येत नाही.

कुंभारकामाचेच पाहा. चाकावर कप उतरवायला काही मिनिटे पुरतात, म्हणून पाहणाऱ्याला वाटते की आठवडाभरात डझनभर कप सहज मिळतील. प्रत्यक्षात उतरवलेला कप थोडा घट्ट होऊ द्यावा लागतो, मग त्याचा तळ कोरायचा, कान बसवायचा आणि तो अगदी सावकाश वाळू द्यायचा, कारण कान आणि भांडे वेगवेगळ्या गतीने वाळले की जोडावर तडा जातो. दमट हवेत हे वाळणेच आठवड्याहून अधिक लांबते. त्यानंतर सुमारे १००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी होते, मग झिलई, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, चढवायची, आणि भांडे स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजलेले घट्ट भांडे) प्रकारचे असेल तर १२०० अंशांच्या वर दुसरी भाजणी करायची. प्रत्येक भाजणीनंतर भट्टी पूर्ण निवेपर्यंत उघडता येत नाही, आणि ती अर्धी रिकामी ठेवून पेटवणे परवडत नसल्यामुळे ती भरेपर्यंत थांबावे लागते ते वेगळेच. वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा ते बारा टक्के आकसते. त्यात काही भांडी वाकतात, काहींची झिलई फसते. म्हणून सहा कपांची मागणी असेल तर जाणता कुंभार आठ-नऊ घडवायला घेतो. सणाला दहा दिवस उरले असताना आपण ‘याच रंगात, पण थोडा मोठा’ असा कप मागतो तेव्हा ती मागणी कितीही साधी वाटली, तरी त्या दहा दिवसांत ती पुरी होणे शक्य नसते.

थंड पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता केलेल्या साबणाची गोष्ट अशीच आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्यातली रासायनिक क्रिया एक-दोन दिवसांत बहुतांशी पुरी होते, पण वडी कापल्यानंतर तिच्यातले पाणी उडून ती कडक व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. घाईने विकलेली वडी मऊ राहते आणि न्हाणीघरात लवकर विरघळून जाते, आणि भेट मिळालेल्या माणसाला वाटते की हाताने केलेला साबण असाच असतो. नुकसान त्या एका वडीपुरते राहत नाही.

हातमागाचे गणित मात्र वेगळे आहे आणि मला ते विशेष आवडते. मागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, चढवणे हेच सर्वांत वेळखाऊ काम. शेकडो, कधी हजारो धागे एकेक करून वयीतून आणि फणीतून ओवावे लागतात. एकदा ताणा चढला की त्याच्यावर विणल्या जाणाऱ्या सगळ्या वस्तूंची रुंदी आणि ताण्याचे रंग ठरून जातात, बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, रंग मात्र बदलता येतो. म्हणून विणकराकडे जाऊन ‘मला निळा रुमाल हवा आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘सध्या मागावर कोणता ताणा आहे, आणि त्यावर काय होऊ शकेल’ असे विचारले, तर उशीर झालेल्या गिऱ्हाइकालाही खास विणलेली वस्तू मिळण्याची शक्यता असते. हा प्रश्न ऐकून विणकराचा चेहरा खुलतो, कारण समोरच्याला काम कळते हे त्याला उमगते.

छोट्या व्यवसायांसाठी एखादा दिवस राखून ठेवण्याची कल्पना यामुळेच मला अपुरी वाटते. अमेरिकेत अमेरिकन एक्सप्रेस कंपनीने २०१० मध्ये ‘स्मॉल बिझनेस सॅटरडे’ सुरू केला, तो थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरमधल्या सणानंतरच्या शनिवारी असतो. ब्रिटनमध्ये २०१३ पासून तो डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पाळला जातो. त्या दिवशी दुकानात तयार असलेला माल विकला जातो आणि त्याचा उपयोग निश्चितच होतो. पण डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी ओतलेला साबण नाताळपर्यंत मुरत नाही, आणि त्या दिवशी नोंदवलेले कप बहुधा वेळेत भट्टीतून बाहेर येत नाहीत. हंगामी बाजारांनाही हेच लागू होते. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराचा नाताळ बाजार १४३४ साली सुरू झाला तेव्हा तो एका दिवसाचा होता. आता तो नोव्हेंबरच्या अखेरीपासून २४ डिसेंबरपर्यंत चालतो. इतके आठवडे गाळ्यावर उभा राहिलेला कारागीर तेवढा काळ आपल्या कामाच्या जागेपासून दूर असतो. बाजारात आपल्याला दिसतो तो माल त्याने आधीच्या महिन्यांत करून ठेवलेला असतो, आणि तो संपला की संपला.

तेव्हा मागणी नोंदवून करून घ्यायची वस्तू असेल तर सणाच्या दोन-तीन महिने आधी विचारावे, आणि तयार वस्तू घ्यायची असेल तर हंगाम सुरू होताच जावे. मागणी नोंदवताना इसार द्यावा, तोही संकोच न करता आणि न मागता. कच्चा माल कारागिराला रोखीने घ्यावा लागतो, आणि सणापूर्वीचे दिवस हेच त्याच्याकडे पैशाची सर्वाधिक ओढ असण्याचे दिवस असतात. त्याच बोलण्यात तारीख, रंग, माप, बांधणी आणि पाठवणीचा खर्च स्पष्ट करून घ्यावा. जमल्यास लिहून ठेवावा. नात्यातल्या माणसासारखे गोड बोलून हे मोघम ठेवले की शेवटी दोघांचाही विरस होतो.

बाजारातल्या प्रत्येक गाळ्यावर घडवणाराच बसलेला असतो असे नाही. घाऊक बाजारातून आणलेला माल ‘हाताने केलेला’ म्हणून विकणारेही तिथे असतात. दुसऱ्याचा माल विकणे हा प्रामाणिक व्यवसाय आहे, फक्त तसे सांगितले पाहिजे. ओळखण्याचा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे कामाविषयी विचारणे: हे लाकूड कोणते, त्याला वरून काय लावले आहे, या झिलईत आंबट पदार्थ ठेवले तर चालतील का. शेवटचा प्रश्न तर विचारलाच पाहिजे, कारण काही झिलयांमध्ये शिसे असते आणि आंबटामुळे ते पदार्थात उतरू शकते. ज्याने वस्तू घडवली आहे तो अशा प्रश्नांना सविस्तर उत्तर देतो, आणि पुष्कळदा आपण विचारले नाही तेही सांगतो. खुणांवर फार विसंबू नये. ठशांनी छापलेल्या कापडावर दोन ठसे जुळतात तिथे किंचित सरकलेली रेघ दिसते खरी, पण तशी रेघ यंत्राच्या छपाईतही मुद्दाम आणता येते. चांदीच्या बाबतीत उलट घडते: ९२५ हा आकडा म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, पण हॉलमार्कची खूण नाही म्हणून लगेच फसवणूक समजू नये. ब्रिटनच्या कायद्यात ७.७८ ग्रॅमपेक्षा हलक्या चांदीच्या वस्तूला हॉलमार्क सक्तीचा नाही, आणि छोट्या सोनाराच्या नाजूक कर्णफुलांचे वजन बहुधा त्याहून कमीच भरते.

किमतीविषयी एवढेच म्हणेन की घासाघीस करण्यापेक्षा आपल्या खर्चात बसणारी वस्तू विचारावी. जवळपास प्रत्येकाकडे छोट्या मापाचे काहीतरी असतेच.

भेट घेणाऱ्याच्या आवडीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मांडले होते की भेट मिळालेल्या माणसाला तिचे मोल प्रत्यक्ष किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी वाटते, कारण निवड दुसऱ्याने केलेली असते. छोट्या दुकानात या अडचणीवर एक उपाय असतो, तो म्हणजे दुकानदाराशी बोलणे. चांगला पुस्तकविक्रेता दोन-चार प्रश्नांत वाचणाऱ्याचा कल ओळखतो. आणि ‘सणानंतर बदलून द्याल का’ असे आधीच विचारले तर बहुतेक जण आनंदाने तयार होतात. खास नाव कोरलेली किंवा मापाने केलेली वस्तू मात्र कोणीही परत घेणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही.

वस्तू घेतल्यावर घडवणाऱ्याचे नाव आणि निगा कशी राखायची ते एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि भेटीसोबत द्यावे. लाकडी वाडग्याला अधूनमधून तेल लावायचे असते, चामड्याची पिशवी ओली झाली तर सावलीत वाळवायची असते. हे न कळल्यामुळे चांगल्या वस्तू वर्षभरात खराब होतात. सुरीला धार लावणे, पट्ट्याची शिवण उसवली तर पुन्हा घालणे, अंगठीचे माप बदलणे ही कामे ज्याने वस्तू केली तोच सर्वांत नीट करतो, आणि सण उलटून गेल्यानंतरच्या आठवड्यांत त्याच्याकडे गिऱ्हाईक कमी असते. दुरुस्तीची कामे तेव्हा न्यावीत, आणि पुढच्या सणाला कोणाला काय द्यायचे ते ठरले असेल तर तेही त्याच भेटीत सांगून टाकावे.