कार्डावरची तारीख

टेनेसीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी संगीत विभाग सांभाळते. त्या एप्रिलमध्ये आम्ही मिसिसिपी नदीच्या १९२७ च्या महापुरावर छोटं प्रदर्शन मांडत होतो. भिंतीवर नकाशे आणि छायाचित्रं, मधल्या काचपेटीत ब्लूज या काळ्या अमेरिकनांच्या संगीतपरंपरेतल्या गायिकेची, बेसी स्मिथची, ‘बॅक-वॉटर ब्लूज’ ही जुनी तबकडी. तिच्याखालचं कार्ड मीच लिहिलं होतं : ‘मिसिसिपीच्या महापुरात घर गमावलेल्या बाईचं गाणं.’ वर्षानुवर्षं तसंच ऐकत आले होते.

ब्लूजचा अभ्यासक्रम घेतलेली एक विद्यार्थिनी मदतीला होती. ध्वनिमुद्रणांची सूची हातात धरून ती एकेक कार्ड ताडून पाहत होती. या कार्डापाशी ती थबकली.

“हे ध्वनिमुद्रण १७ फेब्रुवारी १९२७ चं आहे. मिसिसिपीचा बांध कधी फुटला?”

बांध फुटला २१ एप्रिलला, मिसिसिपी राज्यातल्या ग्रीनव्हिल गावाच्या वरच्या अंगाला, माउंड्स लँडिंगपाशी. त्याचं छायाचित्र तारखेसकट शेजारच्याच पेटीत होतं. दोन्ही पेट्या मी एकाच दुपारी लावल्या होत्या आणि मला ते दिसलं नव्हतं.

बाकीची कामं बाजूला ठेवली. मेम्फिसला अनेक वर्षं ब्लूज शिकवलेले संशोधक डेव्हिड इव्हान्स यांचा या एकाच गाण्यावरचा दीर्घ लेख आमच्या संग्रहात होता. आम्ही दोघी तो शेजारी बसून वाचत गेलो. बेसीचे दौरे, तेव्हाची वर्तमानपत्रं, नद्यांची पातळी हे सगळं जुळवत ते टेनेसीतल्याच नॅशव्हिल शहराच्या पुरापर्यंत पोचतात. १९२६ च्या नाताळात तिथे कंबरलँड नदी चढली आणि १ जानेवारी १९२७ ला पाणी ५६.२ फुटांवर गेलं. बेसीच्या भावजयीच्या आठवणीत होतं की दौऱ्यात एका गावी पोचल्या तेव्हा गावात पाणी भरलेलं होतं, आगगाडीतून उतरून त्यांना होडीत बसावं लागलं. गाण्यातही तेच आहे. पाच दिवसांचा पाऊस, कपड्यांचं गाठोडं होडीत टाकून निघालेली बाई, आणि मग टेकडीवर उभं राहून खाली आपल्या घराकडे पाहणं.

“ब्लूज काळजानं ऐकावा, वर्गात बसून त्याची चिरफाड कशाला?” असं वादकांकडून मी पुष्कळदा ऐकलं आहे, आणि मला ते अर्धं पटायचंही. त्या दिवसानंतर नाही. माझ्या कार्डानं नॅशव्हिलच्या माणसांची घरं दुसऱ्या, मोठ्या पुरात बुडवून टाकली होती. त्यांच्यासाठी गायलेलं गाणं मी दुसऱ्याच्या नावावर लावलं होतं. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करताना गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. त्या नोंदींचं मोल मला परदेशात, एका चुकीच्या कार्डापुढे उभं राहून नीट कळलं.

काचपेटीत मग मिसिसिपीतला ब्लूज गायक चार्ली पॅटन याची १९२९ ची ‘हाय वॉटर एव्हरीव्हेअर’ ठेवली. हे गाणं खरोखर मिसिसिपीच्या पुराचं. पॅटनचा आवाज खरखरीत, तबकडी त्याहून खरखरीत. शब्द पकडायला जीव मेटाकुटीला येतो. एका ओळीत तो म्हणतो की डोंगराळ भागात गेलो असतो, पण मला अडवलं आहे. आधी मला वाटायचं, रस्ते बुडाले असतील. विद्यार्थिनीनं ग्रीनव्हिलच्या बांधावरच्या तंबूंच्या छायाचित्राकडे बोट दाखवलं. तिथे हजारो काळ्या कुळांना बंदुकधारी पहाऱ्यात ठेवलं होतं. ही कुळं बाहेर पडली तर परत येणार नाहीत आणि कापसाला हात मिळणार नाहीत, ही मळेवाल्यांची भीती. त्यांच्याकडून बांधाची कामं करून घेतली जात होती, कपड्यांना ओळखीच्या चिठ्ठ्या अडकवलेल्या होत्या. ‘अडवलं आहे’ हे पॅटननं अगदी सरळ अर्थानं म्हटलं असावं, असं आम्हा दोघींनाही वाटलं. ती ओळ आम्ही पुन्हा लावली. विद्यार्थिनी काही बोलली नाही, मीही नाही.

बेसीच्या तबकडीसाठी खिडकीजवळ वेगळं टेबल मांडलं. नव्या कार्डावर नदीचं नाव, गावाचं नाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीख लिहिली.

“पण तिथे कुणाकुणाची घरं गेली?” तिनं विचारलं.

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. तळघरातून नॅशव्हिलच्या वर्तमानपत्राची मायक्रोफिल्म आणली, डिसेंबर १९२६ ची. तिनं रीळ यंत्रावर चढवलं आणि मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.