आमची बारा बोअर आणि चार हुतात्मे

निवडणूक लागली की आमची बारा बोअर बंदूक ठाण्यात जमा. आजोबांनी ज्वारीतल्या रानडुकरांसाठी परवाना काढला होता. आता ती निघते फक्त तेलपाण्याला.

यंदा पावती खिशात घालून परतताना चार हुतात्मा पुतळ्यांपाशी गाडी लावली. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले आपले सोलापूरचे चौघे. त्यानंतर अडीच महिन्यांत कराचीच्या काँग्रेस अधिवेशनानं मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगायचा हक्कही होता! परवान्याशिवाय शस्त्र बाळगू न देणाऱ्या १८७८ च्या इंग्रजी शस्त्र कायद्याचा राग होताच ना लोकांना. राज्यघटनेत मात्र तो हक्क आला नाही; कलम १९ म्हणतं, जमा, पण शांततेनं आणि विनाशस्त्र.

अमेरिकेत राज्यघटनेच्या १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीत आधी नागरी सेनेचा उल्लेख, मग शस्त्र बाळगायचा हक्क. २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी तो व्यक्तीचा हक्क ठरवला. तिकडं बंदूक काढून घ्यायला कारण लागतं, इकडं ठेवायला.

मला आपलंच बरं वाटतं. आजोबा असते तर खवळले असते.

ठाण्यातल्या हवालदारांनी विचारलं, "शेवटचा बार कधी काढला?" मला काही आठवेना.