'आधी पाणी म्हण'

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तक्रारपेटी उघडतो. माण तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. २०२५ च्या मार्चमधला तो शनिवार. अकरा वाजायच्या आतच वरचे पत्रे तापले होते. मुख्याध्यापक सर, पोलीस पाटील, अंगणवाडीच्या ताई, दोन पालक आया आणि विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून दोन मुलं, दोन मुली असे आम्ही ऑफिसात बसलो होतो. मी सातवीची वर्गशिक्षिका आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीवरची शिक्षक प्रतिनिधी, म्हणून पेटीची किल्ली माझ्याकडे.

पेटीतून काय निघणार ते ठरलेलं असायचं. चॉकलेटचे कागद, 'खिचडीत मीठ कमी असतं', एकदा 'बाई छान शिकवतात'. त्या दिवशी एकच चिठ्ठी निघाली. दुरेघी वहीचं पान, घडी इतकी बारीक की नखाने उकलावी लागली. अक्षर मुद्दाम वेडंवाकडं, बहुधा डाव्या हाताने काढलेलं. मोठ्याने वाचायला मी तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीवर थांबले.

'आमी त्याला आधी पाणी मन मनतो. त्याला मनता येत नाही. मग आमी नळावरून हलत नाही. तो न पिताच जातो. रोज. बाई हे कुणी लिवलं ते शोधू नका.'

'त्याला' म्हणजे कुणाला हे सांगायची गरज नव्हती. माझ्या वर्गात बोलताना अडखळणारा एकच मुलगा होता. 'प' आला की त्याचे ओठ मिटून राहतात, मानेची शीर ताठते, डोळे घट्ट बंद होतात आणि शब्द काही बाहेर पडत नाही. त्याच अक्षरावर पोरांनी त्याला अडवून धरलं होतं. माणच्या उन्हाळ्यात.

आणि लिहिणारा कोण, तेही मला दुसऱ्या क्षणी कळलं. 'मनतो', 'लिवलं' असं आमच्याकडे पुष्कळ मुलं लिहितात. पण आधी लांबलचक शिरोरेघ आखून मग तिला अक्षरं टांगत जाणारा वर्गात एकच होता. हात बदलला तरी ती सवय सुटली नव्हती.

समोर बसलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींपैकी एक सातवीतलाच होता. मी चिठ्ठी मिटून रजिस्टरात ठेवली आणि चौघांनाही म्हटलं, "आज एवढंच रे. जा घरी, ऊन चढतंय." ती गेल्यावर दार लोटलं आणि मग वाचून दाखवली.

अंगणवाडीच्या ताई एकदम म्हणाल्या, "अगं बाई, पाणी?" पुढे कुणी काही बोलेना. मग सगळेच बोलायला लागले. सरांचं म्हणणं, सातवीच्या वह्या मागवू, अक्षर जुळवू, म्हणजे अर्ध्या तासात सगळी नावं कळतील. पोलीस पाटलांनी विचारलं, "मॅडम, हे रॅगिंगमध्ये बसतं का?" रॅगिंगविरोधी कायदा आपल्याकडे १९९९ पासून आहे, पण तो ऐकला की सगळ्यांना कॉलेज आणि हॉस्टेलच आठवतं. बारा-तेरा वर्षांच्या पोरांवर केस करायची माझी इच्छा नव्हती. "मग परिपाठाला उभं करा आन् दोन-दोन छड्या द्या," एक पालक ताई म्हणाल्या. त्यांचा राग खरा होता. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला सारखंच मना करतं, आणि ते त्रास देणाऱ्या पोरालाही लागू आहे. शंभर-दीडशे पोरांसमोर कुणाला उभं करणं हाही छळच.

मी एवढंच म्हटलं, "ज्याने लिहिलंय त्याने एकच गोष्ट मागितलीय, शोधू नका म्हणून. आज आपण शोधलं, तर या पेटीत परत कधीच चिठ्ठी पडणार नाही." सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बरं. वह्या नकोत." त्यांनी केंद्रप्रमुखांना फोन करून नाव न घेता प्रकार कळवला.

ते दोन दिवस माझ्या डोक्यात नुसते शासन निर्णय फिरत होते. तक्रारपेटीचं परिपत्रक २०१७ चं. सखी सावित्री समितीचा निर्णय १० मार्च २०२२ चा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासनाने पुन्हा निर्णय काढला: सीसीटीव्ही बसवा, मुख्याध्यापकांनी चित्रण तपासा, पेटी लावा, समित्या कागदावर ठेवू नका, काही घडलं तर चोवीस तासांत वर कळवा. आम्ही सगळं केलं होतं. गावाने वर्गणी काढून कॅमेरा घेतला. प्रशिक्षणात आमचं सगळं लक्ष लैंगिक अत्याचाराकडे होतं, आणि ते असायलाच हवं. पण रोजचं चिडवणं, अडवणं, एकटं पाडणं याला आपल्याकडे धड एक शब्दही नाही. दादागिरी म्हणावं तर मोठं वाटतं, मस्ती म्हणावं तर सोडून दिलं जातं. आम्ही ते सोडूनच देत होतो.

रविवारी रात्री लक्षात आलं, ते अजून टोचतं. आमची पेटी ऑफिसच्या दाराशी टांगलेली. कॅमेराही तिथेच, कारण विजेचा पॉइंट तिथे. म्हणजे चिठ्ठी टाकणारा प्रत्येक हात सरांच्या स्क्रीनवर दिसणार, आणि व्हरांड्यातल्या पोरांनाही. पोरांनी हे आमच्या आधी ओळखलं होतं. तरीही एकाने येऊन चिठ्ठी टाकली होती.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी खिचडी शिजते त्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिच्या जाळीतून नळ समोर दिसतो. चिठ्ठीचा उल्लेख करायचा नव्हता, म्हणून जे काही आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघणं भाग होतं. तिघं जण टाकीच्या कट्ट्यावर बसले होते. तो आला. एकाने पाय आडवा घातला. शब्द ऐकू आले नाहीत, पण त्याची मान ताठलेली दिसली. चार-पाच सेकंदच. मग त्याने स्टीलचा ग्लास पालथा करून झटकला, जसा पाणी पिऊन झाल्यावर झटकतात तसा, आणि वळला. लांबून बघणाऱ्याला वाटावं की पिऊन झालं. ग्लास कोरडा होता.

मी बाहेर आले. तिघांना एकेक करून बोलावलं आणि म्हटलं, "मी बघितलंय." तिघांनाही तेच शब्द, तीच समज. त्या तिघांत शिरोरेघवालाही होता. त्यानेच सांगितलं होतं आणि मी त्याला बाकीच्या दोघांइतकंच बोलत होते, कारण जरा जरी सैल सोडलं असतं तरी त्या दोघांना संशय आला असता. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत उभा होता. एकदाच वर बघितलं. मी नजर काढून घेतली. वीस वर्षांच्या नोकरीत इतकं जड काही केल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी अडखळणाऱ्या मुलाच्या घरी गेले. आई शेळ्यांना पाला टाकत होती. म्हणाली, "बाई, त्यो घरला आला की आधी रांजणापाशी जातोय. दोन तांबं घटाघटा पितोय. म्या म्हणायची, ऊन हाय." मग पदर तोंडाला लावून खाली बसली. मी तिला सांगितलं ते मला इथेही सांगायला हवं. दीड वर्षापासून मी त्याला प्रकट वाचन देणं बंद केलं होतं. त्याची फजिती नको म्हणून. त्याची पाळी आली की मी पुढच्याला उठवायची. याचं बोलणं ऐकून घ्यायची गरज नाही, हे वर्गाने माझ्याकडूनच उचललं.

त्याला मी विचारलं, "तुला काय व्हायला हवंय? लिहून दे, बोलून दे, कसंही." त्याने पाटी घेतली. 'माझ्यासमोर त्यांना माफी मागायला लावू नका. सगळे बघतात.' आम्ही ठरवलेलं नेमकं तेच होतं. ते रद्द केलं.

पुढचं थोडक्यात सांगते. केरळमधल्या शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली होती, तशी आम्ही सुरू केली. दिवसातून तीनदा घंटा होते आणि सगळे आपापल्या जागेवर बाटलीतलं पाणी पितात, मीसुद्धा. ज्यांच्याकडे बाटल्या नव्हत्या त्यांना ग्रामपंचायतीने दिल्या. तिन्ही घरी मी गेले. एक वडील म्हणाले, "आमालाबी चिडवायची पोरं, काय झालं त्याला?" मी पाणी म्हटल्यावर गप्प झाले. गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक येऊन त्याला भेटले, शाळेत मुलांना तपासायला येणाऱ्या आरोग्य पथकाने जिल्हा रुग्णालयात वाचा उपचारासाठी चिठ्ठी दिली. आई महिन्यातून एकदा एसटीने घेऊन जाते. तो अजून अडखळतो. पण त्यानंतर त्याची पाळी आली की वर्ग थांबायचा, आणि मीही थांबायची. एका वाक्याला कधी मिनिट लागायचं.

पेटी आम्ही ऑफिसपासून काढून वाचन कोपऱ्यात, कपाटाच्या आडबाजूला लावली. तिथे कॅमेरा पोचत नाही आणि पुस्तक घ्यायला कुणीही कधीही जातं. परिपाठाला मुलांना १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर सांगितला, आणि पेटीतलं अक्षर कुणीही जुळवून बघणार नाही, हे सरांनी स्वतः सांगितलं. त्यानंतरच्या शनिवारी नऊ चिठ्ठ्या निघाल्या. दोन वाचून मी रात्री जेवले नाही.

जूनमध्ये शाळा भेटीला आलेल्या साहेबांनी रजिस्टर चाळलं. 'तक्रारदाराचे नाव' या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "हा सगळा रिकामा कसा?" मी म्हटलं, "साहेब, तो रिकामाच राहील." त्यांनी मार्चची नोंद पुन्हा वाचली, खिशातून पेन काढलं आणि खाली सही केली.