टोपी वारुळावर

केनियातल्या मसाई मारात टोपी नावाचं एक हरीण आहे. (शास्त्राप्रमाणे ते हरीण नव्हे, कुरंग, पण आपण सवयीने हरीणच म्हणतो.) अंग विटकरी, मांड्यांवर निळसर-काळे चट्टे आणि पाय खालून पिवळे, कुणीतरी हळदीच्या पाण्यात उभं करून काढल्यासारखे. नाव ऐकून मराठी माणूस एकदा हसतो आणि टोपीला विसरतो. सिंह बघायला एवढा खर्च करून आलेल्याला टोपीचं काय? पण दिवसभर काय काय दिसेल हे बऱ्याचदा याच टोपीच्या हातात असतं. टोपीचा नर वारुळावर चढून बराच वेळ पुतळ्यासारखा उभा राहतो. थोडं हद्द दाखवायला, थोडं राखण करायला. त्याचा फोटो काढून झाला की एक काम करायचं: तो कुठे बघतोय ते बघायचं.

आपल्याकडे ताडोब्यात जंगल आधी कानांनी कळतं. चितळाचा इशाऱ्याचा कॉल, वानराचं खाकरणं, मग जिप्सी थांबते आणि सगळे श्वास धरून बसतात. बांबूच्या बेटांत नजर पोचते कुठे? मारात मात्र माळच माळ. राखीव क्षेत्र सुमारे १,५१० चौरस किलोमीटर, त्यातला मोठा भाग नुसतं गवत. नदीकाठची झाडी सोडली तर कानांना फारसं काम नाही. सगळा कारभार नजरेचा, आणि तोही दुसऱ्याच्या नजरेचा.

कळपातला एकच प्राणी मान वर करून बघत असेल तर त्याला महत्त्व देऊ नये. कुणीतरी आळीपाळीने बघतच असतं. सगळे तुमच्या गाडीकडे बघत असतील तर बातमी तुम्हीच आहात. पण पाच-सहा जणांचे कान पुढे, तोंडं एकाच दिशेला आणि चरणं बंद, असं दिसलं की ड्रायव्हरला थांबवावं. जिराफ तर चालता-बोलता मनोराच. तीन जिराफ एकाच झुडपाकडे टक लावून उभे असतील तर त्या झुडपात कुणीतरी आहे. नवख्या माणसाला वाटतं की सिंह दिसला की हरणं पळतील. टोपी पळत नाही. सिंहाकडे तोंड करून उभा राहतो आणि नाकातून फुर्र करतो. सिंहाला लपतछपत तीसेक मीटरवर यावं लागतं, एकदा दिसला की त्याचा डाव संपला. म्हणून पाठ दाखवण्यापेक्षा त्याला नजरेत धरून ठेवणं फायद्याचं. आपली मात्र गंमत होते. ‘हरणं निवांत उभी आहेत, इथे काही नाही’ असं म्हणून आपण पुढे जातो आणि सिंह दीडशे मीटरवर गवतात आडवा पडलेला असतो.

गवतातला सिंह शोधताना रंगावर विसंबू नये. वाळलेल्या गवताचा आणि त्याचा रंग एकच. शोधायचे ते कान, कारण कानांची मागची बाजू काळी असते. पिवळ्या गवतात दोन काळे ठिपके हलले की समजावं. शेपटीचा गोंडाही काळा, माशा उडवताना तेवढाच वर येतो. नजर उजवीकडून डावीकडे फिरवावी. आपण डावीकडून उजवीकडे वाचणारी माणसं, त्या दिशेने नजर ओळ वाचल्यासारखी सुळकन घसरते. उलट फिरवली की अडखळते, आणि अडखळणंच हवं असतं. एवढं करूनही ‘सिंह, सिंह’ म्हणून दाखवलेल्या बऱ्याच वस्तू शेवटी वारुळं निघतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, गाइडलोकांचंही होतं.

दुर्बीण ८×४२ ची घ्यावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दुकानदार १०×२५ पुढे करतो: लहान, हलकी, वर दहापट. पण ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात आणि २५ ला १० ने भागलं की अडीच. डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा हा व्यास, मिलिमीटरमध्ये. पहाटे बाहुली मोठी झालेली असते, अडीच मिलिमीटरमध्ये तरसाचा नुसता काळा ठिपका दिसतो. शिवाय दहापट मोठं दिसतं म्हणजे हाताचा कंपही दहापट. चष्मेवाल्यांनी डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबून किंवा फिरवून घ्यावेत, नाहीतर किल्लीच्या भोकातून बघितल्यासारखं वाटतं. डोळे सारखे नसतात, म्हणून आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं चित्र स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजव्या बाजूच्या कड्याने उजव्याचं. हे हॉटेलच्या व्हरांड्यात, आदल्या संध्याकाळी. सिंहासमोर नव्हे. आणि दुर्बीण डोळ्यांना लावून मग प्राणी शोधू नये. नजर प्राण्यावर खिळवून ठेवायची, दुर्बीण मधे आणायची.

लँडक्रूझरचं छप्पर वर उचललं की सगळे उभे राहतात. इंजिन बंद असलं तरी सहा माणसांपैकी एकाने पायावरचा भार बदलला की सहाजणांचे फोटो हलतात. तिवई इथे कामाची नाही, छपराच्या कडेला कॅमेऱ्याखाली ठेवायची कापडी पिशवी बरी. घरून रिकामी न्यावी, नैरोबीत दोन किलो तांदूळ किंवा राजमा भरावा. पिशवी कापडीच, केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे. चिवडा-चकलीचा फराळ नेणाऱ्या आपल्या मंडळींनी स्टीलचे डबे काढावेत, हे वेगळं सांगायला नको, पण सांगावं लागतं. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी. आणि स्वेटर. विषुववृत्त म्हटलं की आपण सुती कपडे भरतो, पण मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या छपरातून वारा बोचतो.

गिधाडांचं एक वेगळंच वेळापत्रक. ऊन तापून हवेचे झोत वर उठेपर्यंत ती फारशी उडत नाहीत, त्यामुळे सकाळी सातला आकाश बघून उपयोग नाही. तेव्हा तरस आणि कोल्हे बघावेत. ते एका रेषेत, इकडेतिकडे न हुंगता चालले असतील तर कुठेतरी जेवण आहे. नऊनंतर गिधाडं. नुसती घिरट्या घालत असतील तर त्याचा अर्थ फार नाही. पाय खाली सोडून उतरत असतील तर शिकार झालेली आहे. आणि झाडावर ओळीने, मान खांद्यात घालून बसली असतील तर शिकारीचा मालक अजून ताटावर आहे.

बिबट्या मात्र कुणाच्या नजरेने फारसा सापडत नाही. तिथे पुन्हा कान: नदीकाठी बबून भुंकला, गिनीकोंबड्या कर्कश ओरडल्या तर थांबावं. झाड बघताना बिबट्या शोधू नये, शेपूट शोधावी. फांद्या आडव्या-तिरप्या असतात, पानं खाली असतात, पण सरळ लोंबणारी आणि टोकाला किंचित वर वळलेली दोरी झाडाला नसते. फसवायला किगेलिया आहे. पुण्या-मुंबईच्या बागांतही हे झाड असतं, लांब देठांना दुधीसारखी फळं लोंबतात. सगळं झाड शेपट्यांनी भरलेलं वाटतं, आणि त्याच्याच जाड, आडव्या फांद्या बिबट्याला आवडतात.

तो सापडला की वायरलेस बोलतो, ‘चुई!’ (स्वाहिलीत बिबट्या), आणि धुळीचे लोट चारी बाजूंनी येतात. नियम असा की एका वेळी पाच गाड्या, अंतर निदान पंचवीस मीटर, मागे रांग असेल तर दहा मिनिटांत जागा सोडायची. गर्दीच्या महिन्यांत नियम किती पाळला जातो ते समोर दिसतंच. सगळ्यात जास्त भुर्दंड चित्त्याला. तो दिवसाउजेडी शिकार करतो, त्याला समोरचा माळ मोकळा लागतो आणि नेमक्या त्याच माळावर गाड्या जाऊन उभ्या राहतात. ड्रायव्हरला ‘अजून जवळ’ म्हणून टिपेचं आमिष दाखवणारे आपणच असतो.

साडेदहानंतर जमीन तापते, गवतावरची हवा थरथरू लागते आणि कितीही महाग लेन्स लावली तरी लांबचा फोटो पाण्यातून काढल्यासारखा येतो. ही वेळ पाणघोड्यांची, डब्यातल्या जेवणाची आणि भाषेची. ‘सफारी’ म्हणजे स्वाहिलीत कुठलाही प्रवास; अरबीतून त्यांच्याकडे सफारी गेली, आपल्याकडे सफर आली. ‘गारी’ म्हणजे गाडी, ती आपल्या बाजूने गेलेली. ‘सिंबा’ आणि सिंह हा मात्र निव्वळ योगायोग. झेब्रा म्हणजे ‘पुंडा मिलिया’, पट्ट्यांचं गाढव. आडोशाला जायचं असेल तर ‘कुचिंबा दावा’, औषध खणायला जाणं. ‘दावा’ म्हणजे आपली दवा. तास सूर्योदयापासून मोजतात, आपल्या घटकांसारखेच: सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. त्यामुळे ड्रायव्हर स्वाहिलीत निघायची वेळ सांगत असेल तर पुन्हा विचारून घ्यावं.

संध्याकाळी उजेड झपाट्याने जातो, विषुववृत्ताजवळ तिन्हीसांजा लांबत नाहीत. सहाला फाटक. पावणेसहाला सगळ्या गाड्या एकाच रस्त्याने धावत असतात, माणसं खाली बसून कॅमेऱ्यात दिवसभराचे फोटो चाळत असतात. वारुळावर टोपी तसाच उभा. आता त्याचं तोंड फिरलेलं, कान पुढे, आणि मागची चार झेब्रीही तिकडेच बघतायत. ड्रायव्हर त्यांच्याकडे एकदा बघतो, घड्याळाकडे एकदा, आणि गिअर बदलतो.