तुम्ही विचारलंत म्हणून: साथीच्या रोगात सुरक्षा परिषदेचं काय काम?

मी आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवते. नवी ओळख झाली की थोड्याच वेळात प्रश्न येतो, "रोगराई बघायला डॉक्टर आहेत की. त्यात संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद कशाला?"

तशी ही सरमिसळ जुनीच. १८५१ मध्ये कॉलरा आणि प्लेगसाठी क्वारंटाइनचे नियम ठरवायला पॅरिसमध्ये १२ देश जमले, तेव्हा प्रत्येकाने एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी धाडला होता. (सहा महिने खल करूनही फारसं काही हाती लागलं नाही, ते सोडा.)

'सुरक्षा' म्हटलं की सरकारं खडबडून जागी होतात, हे मी नाकारत नाही. पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरल्याचं मार्च २०१४ मध्येच जाहीर झालं होतं. पण मदतीला खरा वेग आला तो सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे सुरक्षा परिषदेने ठराव २१७७ करून या साथीला जागतिक शांततेवरचा धोका ठरवलं तेव्हा.

अडचण अशी की या शब्दामागोमाग बंदूकही येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लायबेरियाच्या मनरोव्हियातली वेस्ट पॉइंट ही दाटीवाटीची वस्ती सकाळी उठून बघते तर बाहेर जायच्या वाटांवर काटेरी तारा आणि सैनिक. लोकांनी दगड मारले, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, एक पंधरा वर्षांचा मुलगा गेला. दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. अशा वस्तीत पुढचा माणूस अंगातला ताप सांगेल की लपवेल?

पाकिस्तानातल्या अबटाबादला तर बिन लादेनचा माग काढायला सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने लसीकरणाचंच सोंग घेतलं. तिथे पोलिओचे डोस पाजणाऱ्यांकडे आधीच संशयाने पाहिलं जायचं, त्यात ही भर.

आणि देशही माणसांसारखेच वागतात. गंभीर साथीची शंका पक्की झाली की २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराची खबर तत्परतेने दिली. दोन-तीन दिवसांत देशामागून देश तिथली विमानं बंद करत सुटले. तोवर तो विषाणू इतरत्र पोचलेलाही होता.

हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, मग पुढच्या वेळी ते कशाला सांगतील?" मी घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला अजून वीस मिनिटं होती.