वरचा मजला धरायचा की नाही

सांगली-मिरज भागात गेली चोवीस वर्षं मी जमीन आणि इमारतींचं मूल्यांकन करते. नव्याने या कामात आलेली मुलं, बँकेतले ओळखीचे, घरची माणसंसुद्धा मला एकच विचारतात. साइटवर जायचं, रिपोर्ट द्यायचा, फी घ्यायची, एवढं सोडून व्हॅल्युअरच्या, म्हणजे मूल्यांकन करणाऱ्यांच्या, संघटनेच्या बैठका, निवेदनं, मुंबईच्या फेऱ्या यांत कशाला अडकता? तुम्ही विचारलंत म्हणून एका घराबद्दल सांगते.

विट्याजवळचं दुमजली घर. मालकाचे चार यंत्रमाग होते, आणखी घ्यायचे होते आणि त्यासाठी घर तारण ठेवायचं होतं. मी टेप लावून मोजलं, उतारा पाहिला, मंजूर नकाशा मागितला. नकाशात फक्त तळमजला होता. वरच्या बांधकामाला परवानगी नाही असं रिपोर्टमध्ये लिहिलं आणि त्याची किंमत धरली नाही. दोन दिवसांनी शाखेतून फोन आला, "मॅडम, वरचा मजला डोळ्यांनी दिसतोय नव्हं? मग धरा की." मी नाही म्हणाले. वाद झाला नाही, आवाजही चढला नाही. फाइल दुसऱ्या व्हॅल्युअरकडे गेली आणि तिथे वरचा मजला धरला गेला. पुढचे आठ महिने त्या शाखेतून मला एकही काम आलं नाही. पॅनेलवरून, म्हणजे बँकेच्या व्हॅल्युअरच्या यादीतून, काढलं असंही कुणी कळवलं नाही, त्यामुळे दाद मागायची तरी कशाविरुद्ध?

अडीच वर्षांनी मी त्याच घरी पुन्हा गेले. शाखेत अधिकारी बदलले होते, कर्ज थकलं होतं. थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली विक्रीआधी मूल्यांकन घ्यावंच लागतं, त्याचं काम माझ्याकडे आलं. माग विकून झाले होते. वरच्या खोलीत मालकाच्या बायकोने मुलीची पुस्तकं पोत्यात भरून ठेवली होती. मी टेप लावली तेव्हा तिने दुसरं टोक धरलं. पहिल्यांदा मी लिहिलेल्या आकड्यावर कर्ज मिळालं असतं तर माग दोन कमी आले असते आणि घर राहिलं असतं, असं मला आजही वाटतं. माझा नकार खरा होता, पण त्या घराला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. त्याच महिन्यात मी संघटनेच्या जिल्हा समितीवर नाव दिलं.

कायद्याचा आधार आम्हाला तुकड्यातुकड्यांनी मिळाला. १९७२ मध्ये संपत्ती कर कायद्यात व्हॅल्युअरच्या नोंदणीची तरतूद आली, पण ती करापुरती. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो करच रद्द झाला. मग कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली ऑक्टोबर २०१७ मध्ये नियम आले आणि त्याबरोबर अभ्यासक्रम, परीक्षा, आयबीबीआयकडे, म्हणजे केंद्राच्या दिवाळखोरी मंडळाकडे, नोंदणी. त्या नियमांच्या आचारसंहितेत 'कन्व्हिनियन्स व्हॅल्युएशन', म्हणजे सोयीचं मूल्यांकन, करायला स्पष्ट मनाई आहे. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. पण ती संहिता आम्हाला बांधते, सोयीचा आकडा मागणाऱ्याला बांधत नाही. शिवाय तारणाची कामं बँकेच्या पॅनेलवर चालतात. व्हॅल्युअर स्वतंत्र असावा, ५० कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला किमान दोन अहवाल असावेत, असं रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच सांगितलं आहे. विट्याच्या घराला अर्थातच एकच अहवाल पुरला. (रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, असताना तुमची गरज काय, असंही विचारतात. तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. वरच्या मजल्याला परवानगी नाही, हे त्या तक्त्याला कुठून कळणार?)

म्हणून आमची मागणी साधी आहे. काम देताना कर्जाची रक्कम किंवा अपेक्षित आकडा कळवू नये. फी बँकेने स्वतः द्यावी, कर्जदाराच्या हातून नको. आणि पॅनेलवरून काढलं तर कारण लेखी द्यावं. या तिसऱ्या मागणीसाठी मी सगळ्यात जास्त भांडते, कारण कागद हातात नसला की माणूस पुढच्या फोनला "बरं, धरतो" म्हणतो. चांगली माणसं तसं म्हणताना मी ऐकली आहेत.

याहून अवघड काम आपल्याच लोकांशी असतं. समितीची अध्यक्ष झाल्यावर दुसऱ्याच बैठकीत मी दोन रिपोर्ट समोर ठेवले. प्लॉट वेगळे, चतुःसीमा शब्दशः एक. साइटवर कुणी गेलंच नव्हतं, मोबाइलवर मागवलेल्या फोटोंवर काम उरकलं होतं. असे रिपोर्ट देणाऱ्यासाठी संघटना बँकेकडे शब्द टाकणार नाही, असा ठराव मी मांडला. अकरा जण सोडून गेले. त्यातले दोघे माझे जवळचे होते आणि त्यांचं जाणं मला लागलं. ठराव मात्र मागे घेतला नाही. दुसऱ्याला जाब विचारायला जायचं तर आपलं दप्तर आधी उघडं हवं.

मागच्या महिन्यात जतकडच्या एका मुलाचा रात्री दहाला फोन आला. नोंदणी होऊन दोन वर्षं झालेली. विहिरीला पाणी नाही असं त्याने लिहिलं होतं आणि ती ओळ काढायला बँकेतून सांगत होते. "काढू नको," म्हटलं, "आणि सांगितलंय ते ईमेलवर मागून घे." दुसऱ्या दिवशी समितीच्या लेटरहेडवर आम्ही बँकेच्या विभागीय कार्यालयाला पत्र दिलं. उत्तर अजून आलेलं नाही. त्या मुलाचं काम मात्र थांबलं आहे. गुरुवारी आम्ही सातजण तिथे जाणार आहोत, तोही बरोबर असेल.