कांकाल: आधी भरतीचं वेळापत्रक, मग बसचं

पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनातून थेट टीजीव्हीने, म्हणजे वेगवान रेल्वेने, सवादोन-अडीच तासांत सँ मालो आणि तिथून अर्ध्या-पाऊण तासाच्या बसने कांकाल. ब्रिटनी या फ्रेंच प्रांताच्या किनाऱ्यावरचं जेमतेम 5 हजार वस्तीचं गाव. सोबत आई होती, माहेर वेंगुर्ल्याचं. आम्ही चार रात्री राहिलो आणि त्यातले पहिले दोन दिवस समुद्राला न विचारता कार्यक्रम आखून वाया घालवले.

मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती असली की महापालिका इशारा देते. इथे, मों सँ मिशेल या मठाच्या बेटाभोवतीच्या उपसागरात, मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरपर्यंत जातो! सकाळी बंदरात डोलणाऱ्या होड्या दुपारी चिखलात कुशीवर पडलेल्या असतात. पर्यटन कार्यालयात भरतीच्या वेळांची छोटी पुस्तिका मिळते, गावात पोचल्यावर पहिली ती घ्या. त्यात रोजच्या वेळांपुढे भरतीचा जोर सांगणारा, 20 ते 120 यांमधला एक आकडा असतो. तो 95च्या वर गेला की उधाण, 45च्या खाली आला की भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती. मी हे आईला समजावू लागलो तर ती म्हणाली, "पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग. त्याला पुस्तक कशाला हवं?" बरोबरच आहे, फक्त इथलं उधाण पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी येतं.

कांकालची ख्याती कालवांची, म्हणजे ऑयस्टरची. ओहोटीला पाणी मागे सरलं की लोखंडी मांडवांवर ठेवलेल्या जाळीच्या पिशव्या रांगेने उघड्या पडतात आणि ट्रॅक्टर घेऊन माणसं समुद्राच्या तळावर कामाला उतरतात. हा देखावा चुकवू नका. धक्क्याच्या टोकाला कालवांचे स्टॉल आहेत. आकारानुसार क्रमांक असतात, पण उलटे: 5 नंबर लहान, 1 नंबर मोठं. पहिल्यांदा खाणाऱ्याने 4 नंबर घ्यावा. डझनभर फोडून, लिंबासकट ताटलीत देतात. पायऱ्यांवर बसून खायचं आणि शिंपले खाली किनाऱ्यावर फेकायचे, हीच इथली रीत. कच्चं कालव आईच्या घशाखाली उतरलं नाही. शिंपल्यांचा ढीग बघून मात्र ती हळहळली, "केवढा चुना झाला असता याचा!"

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. कुट्टूच्या पिठाचे पातळ धिरड्यासारखे गालेत सगळीकडे मिळतात. नेहमीच्या गालेतात चीज, अंडं आणि हॅम असतं, तेव्हा "सां जांबों" म्हणजे हॅमशिवाय, असं बजावून सांगा. दुपारी दोननंतर बऱ्याच स्वयंपाकघरांना कुलूप लागतं ते सातपर्यंत. आम्ही एक दुपार बिस्किटांवर काढली.

बंदरापासून ग्रुएँच्या टोकापर्यंत कड्याच्या कडेने जुनी जकातवाल्यांची पायवाट जाते, सुमारे 7 किलोमीटर. चढउतार बरेच, गुडघे दुखणाऱ्यांनी थोडं चालून मागे फिरावं. टोकासमोरचं लांद बेट पाणकावळ्यांचं. हवा स्वच्छ असेल तर उपसागरापलीकडे मों सँ मिशेल दिसतं. सकाळी नुसती काळी आकृती, फोटोसाठी संध्याकाळ बरी.

सँ मालोला एक दिवस द्या. ऑगस्ट 1944 मध्ये बेचिराख झालेलं तटबंदीतलं शहर पुन्हा जुन्या रूपात उभं केलंय. तटावर सुरकूफचा पुतळा आहे. 1800 मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' जहाज पकडणारा, सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं लुटणारा फ्रेंच दर्यावर्दी तो हाच. समोरच्या ग्रां बे बेटावर ओहोटीलाच चालत जाता येतं. आम्ही नेमके भरतीला पोचलो आणि काठावरून बघून परतलो. पाणी चढू लागल्यावर पलीकडे अडकलात तर काही तास तिथेच. शेजारच्या दिनार गावाकडे जाणारा रस्ता रांस नदीच्या मुखावरच्या, भरतीवर चालणाऱ्या वीजकेंद्रावरून जातो. 1966 सालचं, 240 मेगावॅटचं. अभियंत्यांनी जरूर थांबावं, बाकीच्यांना खिडकीतून पुरे.

मों सँ मिशेलला आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. वाहनतळ बेटापासून अडीच किलोमीटरवर, पुढे मोफत बस. मठाच्या पायऱ्या खूप आहेत, आई अर्ध्यावर चहाला बसली. वाळूवरून चालत जायची हौस असेल तर परवानाधारक वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका, रुतवणारी वाळू आणि वेगाने चढणारं पाणी दोन्ही खरंच आहेत.

छत्री नेऊ नका, वाऱ्यात टिकत नाही. टोपीवाला रेनकोट जूनमध्येही लागला. आणि रविवारी बस फार कमी असतात, त्या दिवशी गावातच राहा.